काकाचं दूध

आमच्या घरात भाकरी अण्णांची आणि दूध काकाचं, अशी वाटणी होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत ते कारकून होते आणि त्यांच्या पगारात जोंधळे, डाळ, गोडंतेल, घरभाडं आणि आम्हा तीन भावंडांचे कपडे कसेबसे बसत. दूध त्यात बसत नसे. दूध यायचं दत्तूकाकाच्या पैशातून. अण्णांचा हा धाकटा भाऊ आफ्रिकेत मोंबासाला, बंदरावरच्या एका पेढीत नोकरीला होता आणि दर महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर पाठवायचा. त्यातून मलप्पा गवळ्याचा रतीब भागायचा आणि उरलेलं आमच्या दादाच्या शाळेच्या फीला जायचं. पहाटेचा भोंगा झाला की मलप्पा दारात कानडी हेल काढून "तायीऽ, पातेली" म्हणायचा. शेजारच्या पद्मशाल्यांच्या घरात तोवर माग खडखडायला लागलेले असायचे. आई दूध तापवायची, तिघांच्या पेल्यांत सारखं ओतायची आणि रोज न चुकता सांगायची, "काकाचं हाय. सांडू नका." आमच्या बापूला, म्हणजे सगळ्यात धाकट्याला, कितीतरी दिवस असंच वाटायचं की काकानं आफ्रिकेत म्हशी पाळल्यात आणि मलप्पा रोज पहाटे तिथून धारा काढून आणतो.

तो काका सहा वर्षांनी रजेवर घरी आला तेव्हा गल्लीत कोण गडबड. टांग्यातून आधी पांढरी सोला हॅट उतरली, मग काका, मग डोक्यावरून पदर घेतलेली बारकीशी काकू. काका बोलका माणूस. ओट्यावर बसला की माणसं जमायची आणि त्याच्या तोंडून समुद्र, आगबोटी, गोऱ्या साहेबाची मोटार, झाडावरून उतरवलेली ताजी शहाळी असं सगळं सांडत राहायचं. कुणीतरी मग हमखास विचारायचं, पगार किती? काका जरा थांबून म्हणायचा, "दीडशे शिलिंग." ऐकणाऱ्याला त्याचा काही बोध व्हायचा नाही. मग काका बेतानं सांगायचा, "आपले शंभर रुपये पडतात." ओट्यावरची माणसं पुढे सरकून बसायची. अण्णांच्या तिप्पट पगार होता तो. मला आता या वयात वाटतं, नुसता पगाराचा आकडा सांगणं म्हणजे लग्नात मुलाची उंची सांगण्यासारखं आहे. खोटं काही नसतं, पण त्यावरून संसार कसा होईल ते कळत नाही. तेव्हा मात्र आम्ही पोरं छाती फुगवून गल्लीतून फिरत होतो, शंभर रुपये जणू आम्हीच कमावले होते.

काका आला ते दिवस अण्णांना वाईट होते. गिरण्यांना मंदी लागली होती. कचेरीतल्या सगळ्यांचा पगार कापला गेला आणि वर साहेब म्हणाला की ज्याला परवडत नाही त्यानं खुशाल जावं. अण्णा तोंडानं काही बोलणारे नव्हते. मूळचे वळसंगचे, शेतात राबलेल्या बापाचा मुलगा; दुखलं तर जास्तच गप्प व्हायचे. जेवताना एक भाकरी कमी खायला लागले, तेवढ्यावरून आईनं ओळखलं. काकानं त्यांना तसं पाहिलं आणि एका रात्री जेवणावर सरळ म्हणाला, "अण्णा, सोड ही नोकरी. चल माझ्याबरोबर. आमच्या शेटला मी सांगतो. नारूलाबी चिकटवू. सगळीच जाऊ की." नारू म्हणजे आमचा दादा, मॅट्रिकला एक वर्ष राहिलं होतं. अण्णा हातातला घास तसाच धरून बसले. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून नवी कोरी पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या अक्षरात आपलं नाव आणि खाली 'मोंबासा' असं लिहून आणलं. महिनाअखेरीला राजीनामा द्यायचा असं ठरलं. गिरणीच्या फाटकाबाहेर तेव्हा रिकाम्या माणसांची रांग असायची. एकदा सोडलेली जागा परत मिळणार नव्हती. तिकडे नाही जमलं तर पाच माणसांच्या परतीच्या आगबोटीचं भाडं कुठून आणणार, हे कुणी बोललं नाही. ट्रंक मात्र माजघरात मधोमध येऊन बसली आणि आम्ही तिच्यावर चढून आगबोट आगबोट खेळायला लागलो.

हे सगळं चाललं असताना काकू स्वयंपाकघरात होती. काकू, सुंदरा तिचं नाव, करकंबची. तिला मूलबाळ नव्हतं. बोलायची कमी, हसायची मात्र फार गोड, आणि हाताला विलक्षण चव. तिच्याबद्दल पहिल्यांदा मला काय विचित्र वाटलं असेल तर ती आमच्या घरातल्या वस्तूंकडे बघायची ती रीत. आई परडीत वांगी घेऊन आली की काकू एकेक वांगं हातात घेऊन विचारायची, "कशी दिली, आक्का?" आईनं भाव सांगितला की काकू खुदकन हसायची, कुणी चेष्टा केल्यासारखी. मेथीची जुडी, तूरडाळ, जळण, पाण्याचा आडसुद्धा तिला कौतुकाचा. आडातून घागर वर आली की म्हणायची, "फुकट की गं, शके." शके म्हणजे मी. आणि चहा. काकू चहा कोरा प्यायची. आईनं दूध घातलेला चहा पुढे केला तर तो हातात धरून बराच वेळ बसायची आणि मग अगदी हळूहळू प्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "सवय मोडली बघ."

तिला काही सांगायचं होतं हे आईला कळलं होतं. पण सांगणार कसं? आमच्याकडे धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर बोलायचं नसे. काकू अण्णांच्या समोरून गेली तरी पदर पुढे ओढून भिंतीकडेनं जायची. लग्न होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी अण्णांनी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. भाकरी हवी का हे विचारायचं झालं तरी मला मध्ये घालायची, "शके, इच्यार तुझ्या अण्णांना." आणि नवऱ्याला सांगावं तर तो बाहेर ओट्यावर गप्पांतली शहाळी सोलत बसलेला. आई एकदा म्हणाली, "भावजींना म्हण की, खरं काय ते सांगा म्हणावं." काकू म्हणाली, "त्येंची न्हाई उचलायची जीभ, आक्का. सा वर्सांनी घरी आल्यात. मान मिळतोय. मी कशी काढून घिऊ?" मग आईनं स्वतःच अण्णांपाशी विषय काढून पाहिला. अण्णा म्हणाले, "सुंदराला तिकडं करमत न्हाय म्हणून ती तसं म्हणत असंल." तो दरवाजा तिथंच बंद झाला.

मग एका रविवारी काकूनं भातुकली मांडली. जेवणं व्हायची होती. अण्णा आणि काका ओट्यावर बसले होते आणि ओट्याला लागूनच आमचं अंगण. काकूनं चिंचोक्यांची पिशवी आणली आणि तिथं फरशीवर ओतली. आम्हाला म्हणाली, "चला, आपण मोंबाशाला गेलोय. नारू, तू नोकरीवाला. शके, तू त्याचं घर बघणार. बापू, तू ल्योक. मी दुकानदारीण." दादा आता अशा खेळात बसण्याच्या वयाचा नव्हता, पण मोंबासाचं नाव काढल्यावर तो बसला. काकूनं मोजून सगळा ढीग त्याच्या ओंजळीत दिला. "ह्यो तुझा पगार. दीडशे शिलिंग." दादानं आमच्याकडे असं पाहिलं की बापूनं त्याला रामराम घातला. ओट्यावर काका हसला. अण्णाही हसले. बऱ्याच दिवसांनी.

"आता संसार करा," काकू म्हणाली. "आदी भाडं. एक खोली, वर पत्रा." तिनं पुढे हात केला आणि ढिगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उचलला. मी ओरडले, एका खोलीला एवढं? "तितं तेवढंच. त्या खोलीत तुमी तिघं. चूल सामाईक, शेजारणीची झाली की आपली." मग तिनं एक पत्र्याची डबी मध्ये ठेवली, पंधरा चिंचोके मोजून त्यात टाकले आणि झाकण लावलं. "हे सोलापूरचे. ह्याला हात लावायचा न्हाई." दुसऱ्या एका करवंटीत थोडे वेगळे काढले. "हे बोटीचे. न्हाईतर परत घरी कसं यायचं?" त्यानंतर पाणी आलं. पाण्याला पैसे पडतात म्हटल्यावर बापूला खरंच वाटेना, त्यानं आडाकडे बोट दाखवलं. काकू म्हणाली, "ह्यो आड तितं न्हाई रं बाळा. डबा भरून माणूस आणतो, डब्याला पैसं घेतो." मग कोळसा. मग डाळ, जी आगबोटीनं आपल्याच देशातून जाते आणि जाताना महाग होते. तूप मी मागितलं तेव्हा काकूनं नुसती मान हलवली. पण ती खोटं खेळणारी बाई नव्हती. केळी मागितली तर एका चिंचोक्याला फणीच्या फणी दिली, नारळ दिले, आंबे दिले, आणि म्हणाली, "हे लई स्वस्त. ह्याच्यावर आमी जगतो. पिठात पीठ मिसळायचं, नारळ घालायचा. वंगाळ न्हाई लागत." जोंधळाही मिळतो म्हणाली, हबशी लोक त्याची लापशी करतात, तिनं त्याची भाकरी थापली तर शेजारच्या गुजरातणी बघायला आल्या होत्या. हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता. कुठल्या मुलखात जाऊन बाईनं भाकरी थापली आणि ती पापुद्रा सुटून फुगली, ही तिच्या लेखी सांगण्यासारखी गोष्ट होती. आज मलाही ती आगबोटीपेक्षा मोठी वाटते.

दादाच्या ओंजळीत आता फारसं काही उरलं नव्हतं. तो मूठ आवळून बसला होता आणि ओट्यावरचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मी खेळात पुरती शिरले होते. घर माझं, लेक माझा. मी म्हटलं, "दुकानदारीणबाई, बापूला दूध द्या." काकूनं भाव सांगितला. दादानं उरलेले चिंचोके बघितले आणि म्हणाला, एवढ्यात तर पेलाभरसुद्धा येणार नाही. काकू म्हणाली, "मग कोरा च्या प्यायाचा. आमी तसंच करतो." दादा हुशार होता. तो डबीकडे बघून म्हणाला, "ह्यातले घेऊ की. दूध आरामात येतं." काकूनं डबीवर हात ठेवला. "सांगितलं न्हवं? ते सोलापूरचे."

बापू आतापर्यंत तोंडात बोट घालून बसला होता. त्यानं बोट काढलं आणि म्हणाला, "पर सोलापूरला आमी त्याचंच तर दूध पितो."

शेजारचा माग तेवढा खडखडत होता. मी वर पाहिलं. काका मान खाली घालून आपल्या हॅटची कड बोटानं पुसत होता. अण्णा त्याच्याकडे बघत होते. काकूनं पदर पुढे ओढला होता, पण डबीवरचा हात काढला नव्हता. अण्णा म्हणाले, "दत्तू, खरं हाय हे?" काका म्हणाला, "तितं कुणीच दूध पीत न्हाय, अण्णा. सवयीचा भाग हाय." अण्णांनी पुन्हा विचारलं, "खरं हाय का?" मग काका म्हणाला, "व्हय." एवढंच. अण्णा उठले, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चल." दोघे भाऊ सिद्धेश्वराच्या तळ्याकडे गेले. जेवणं तशीच झाकून राहिली. ते परतले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि काकाचे डोळे सुजले होते. तळ्याकाठी दोघांत काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. अण्णा माजघरात आले, ट्रंकेकडे पाहून आईला म्हणाले, "हिचा काय उपयोग करायचा ते तू बघ." सोमवारी भोंग्याबरोबर ते कापलेल्या पगाराच्या त्या कचेरीत गेले आणि पुढेही जात राहिले. संध्याकाळी ते विणकरांच्या दोन घरांत हिशेब लिहायला जायला लागले आणि दादा मॅट्रिक झाला.

लोक म्हणतील, त्यात काय, एका बाईनं महागाई समजावून सांगितली. मी स्वतः तसंच धरून चालले होते. पण त्याच आठवड्यात एका दुपारी आई आणि काकू शेंगाची चटणी कुटत बसल्या होत्या. उखळात दाणे, लसूण, तिखट. मुसळाचा घाव बसला की तेल सुटत होतं आणि वासानं डोळे चुरचुरत होते. आई म्हणाली, "सुंदरे, तुझं उपकार झालं." काकूनं मुसळ थांबवलं नाही. म्हणाली, "आक्का, ट्रंक आली त्या राती मला झोप आली न्हाई. आनंदानं. म्हटलं, आता ही पोरं माझ्या खोलीत हिंडतील. आक्का असंल, चूल पेटवताना कुणाशी तरी आपलं बोलता यील." मग तिनं डोळे पुसले आणि तिखट गेलं म्हणाली. आई तिच्या हातचं मुसळ घेऊन स्वतः कांडायला लागली. मी दारात उभी होते. त्या बाईनं कुणाच्या विरुद्ध तो खेळ मांडला होता ते मला तेव्हा अर्धंमुर्धं कळलं. पुरतं कळायला मला माझा संसार करावा लागला. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, काहींची भाषणं ऐकली, पण आपल्याला जे हवं आहे तेच दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून धडपडणारं माणूस मी एकच पाहिलं.

काकाची रजा संपेपर्यंत आमच्या पेल्यांत दूध आलं नाही. मलप्पा यायचा, दूध घातलं जायचं, पण आई सगळ्या दुधाला विरजण लावायची. बापूनं पहिल्या दिवशी भोकाड पसरलं. आई म्हणाली, "काकाचं हाय, काकालाच जातंय." लोणी साठत गेलं, तूप कढवलं गेलं आणि गल्लीभर वास सुटला. मग आईनं माजघरातली ट्रंक उघडली. पत्रावळीसारख्या पातळ कडक भाकऱ्यांच्या चवडी, ज्या महिनोन्महिने टिकतात, चटणीचे डबे, तूरडाळ, सांडगे आणि मधोमध तुपाचा डबा, झाकणाला डाग देऊन बंद केलेला. ट्रंकेवर 'मोंबासा' लिहिलेलं होतंच. ती तेवढी मोंबासाला गेली, आम्ही राहिलो.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. गाडी लागली, सामान चढलं. काका या खेपेला हॅट डोक्यावर न घालता हातात धरून उभा होता. अण्णा बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी म्हणाले, "दत्तू, आता ती मनिऑर्डर बंद कर. आमचं भागतंय. तुमी दूध प्या." काकाचा चेहरा एकदम उतरला. तो काही बोलणार, तेवढ्यात डब्याच्या खिडकीतून आवाज आला. अण्णा दचकून वळले. काकूनं पदर मागे सारला होता आणि ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "पैसं बंद करा म्हणू नगा. तितं आमाला कोण वळखतंय? म्हैन्याचं ते पैसं धाडलं की आमी सोलापूरचं हाओत असं वाटतंय. तेवढं आमच्याकडनं घिऊ नगा."

फलाटावर एवढा गलका, पण मला तिचा शब्दन्‌शब्द ऐकू आला. अण्णांनी आधी भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते रडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, देवळात काढतात तशी, आणि म्हणाले, "बरं, बाई. धाडा."

माझी नात आता परदेशात असते. तिचा पगार आकड्यात ऐकला की शेजारच्या बायका तोंडावर हात ठेवतात. ती फोनवर सांगते तेव्हा मी पगार ऐकून घेते आणि विचारते, घरभाडं किती, दूध कसं मिळतं, आणि चूल पेटवताना बोलायला कुणी आहे का. ती हसते. आजी, इथं चूल नसते, म्हणते. मी म्हणते, असू दे, तू सांग.

काका-काकू गेल्यावर पुढच्या महिन्यात मनिऑर्डर आली. मलप्पाचा रतीब भागला, दूध पुन्हा आमच्या पेल्यांत पडायला लागलं. आई तसंच तिघांना सारखं ओतायची आणि तसंच रोज बजावायची. फरक एवढाच झाला की तिनं पुन्हा कधी काकाचं म्हटलं नाही. म्हणायची, "काकूचं हाय. सांडू नका."